कच्ची वही

वाणिज्य शाखेच्या मुलीने मायक्रोकंट्रोलरवर लेख लिहिला हे पाहून सायन्सची मंडळी हसतील आणि आमचे गुरुजन कपाळाला आठ्या घालतील, याची मला पूर्ण कल्पना आहे. पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत खेळातल्या पत्त्याएवढ्या एका यंत्राने माझ्या हिशेबातल्या पंचवीस नोंदी गिळल्या, आणि हरवलेली नोंद शोधणे हे तर आम्हां कॉमर्सवाल्यांचेच काम! तेव्हा वाचकहो, या धाडसाबद्दल क्षमा असावी.

माझे गाव बाजारकुणंग, तालुका जोयडा. जुनी माणसे अजूनही सुपा तालुका म्हणतात. काळी नदी याच तालुक्यात उगम पावते. गावाच्या नावात 'बाजार' असला तरी आमचे किराणा दुकान एका खोलीचे आहे. कोकणी, मराठी आणि कन्नड अशा तिन्ही भाषांतून तेथे उधारी चालते. तराजूशेजारच्या फळीवर जेमतेम दोन वह्या मावतात. बाकीच्या खातेवह्या, पावसाळ्यात ओल लागू नये म्हणून, आतल्या खोलीत चुलीकडच्या भिंतीतील कपाटात असतात. ज्या वाडीचे गिऱ्हाईक येईल त्या वाडीची वही बाबा आतून आणतात आणि फळीवर जागा व्हावी म्हणून आधीची एक वही परत नेऊन ठेवतात. लहानपणापासून मी हे पाहत आले. या येरझाऱ्यांना काही भारदस्त नाव असेल असे मला कधी वाटले नव्हते.

ते नाव मला दादाने सांगितले. दादा म्हणजे माझा आतेभाऊ. माझे शालेय शिक्षण खानापूरला आत्याकडे राहून मराठी माध्यमात झाले, त्यामुळे तो मला सख्ख्या भावासारखाच. तो इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करतो. सुट्टीत तो आर्डुइनो उनो नावाचा बोर्ड आणि आपला जुना लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आला. बोर्डावर एटीमेगा ३२८पी नावाची चिप असते. तिच्यात कामाला मिळणारी स्मृती फक्त २०४८ बाइट.

"बाबांची सगळी उधारी यात बसेल का रे?" मी विचारले.

आम्ही कागदावर हिशेब केला. उधारीची गिऱ्हाइके ११८. प्रत्येकाचे नाव, येणे रक्कम आणि शेवटची तारीख यांना मिळून ३२ बाइट धरले, तर होतात ३७७६. यंत्राची सगळी स्मृती खर्ची घातली तरी निम्म्याहून थोडी अधिक खाती बसणार.

दादा म्हणाला, "मामा काय करतात? फळी लहान म्हणून गिऱ्हाईक परत पाठवतात का?"

उपाय तोच होता. खाती मेमरी कार्डावर ठेवायची. कार्डावर लिहिणे-वाचणे ५१२ बाइटच्या तुकड्यांनी चालते, म्हणून सोळा खात्यांचे एक पान करायचे. अशी आठ पाने. एका वेळी एकच पान चिपमध्ये ठेवायचे. दुसरे लागले की हातातले पान कार्डावर परत लिहायचे आणि नवे आणायचे. हिशेब करणाऱ्या प्रोग्रामला मात्र वाटत राहते की सगळी ११८ खाती आपल्या हाताशीच आहेत. या व्यवस्थेला आभासी स्मृती किंवा व्हर्च्युअल मेमरी म्हणतात. मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेल्या ॲटलस या संगणकात ही कल्पना प्रत्यक्षात आली. तो १९६२ साली सुरू झाला. त्याच्या आतल्या स्मृतीत १६,३८४ शब्द मावत, बाहेरच्या फिरत्या ड्रमवर ९८,३०४, आणि त्याचे एक पान ५१२ शब्दांचे होते.

मोठ्या संगणकांत ही पानांची देवघेव सांभाळायला खास मंडल असते. आमच्या चिपमध्ये ते नाही, त्यामुळे सारा भार प्रोग्रामवर. तरीही २०१२ साली दिमित्री ग्रिनबर्ग यांनी याच घराण्यातल्या, १६ किलोबाइट स्मृतीच्या एटीमेगा १२८४पी चिपला बाहेरून स्मृती जोडली, तिच्याकडून दुसऱ्याच एका प्रोसेसरची नक्कल करवून घेतली आणि तिच्यावर लिनक्स चालवून दाखवले. यंत्र सुरू केल्यापासून पहिली आज्ञा देण्याची वेळ यायला सुमारे दोन तास लागत, पण चालले. हे ऐकल्यावर आमची आठ पाने म्हणजे अगदीच किरकोळ वाटली.

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? मोबाईलवर हे काम चुटकीसरशी होते. खरे आहे. पण मोबाईलच्या पोटात काय चालते ते दिसत नाही, आणि येथे एकेक अक्षर येताना-जाताना पाहता येते. शिवाय आमच्या गावी मोबाईलला रेंज हवी तर घरामागच्या उतारावर फणसाखाली जाऊन उभे राहावे लागते. सुट्टीत वेळ भरपूर होता.

मी एका महिन्याच्या ४१२ नोंदी लॅपटॉपवर टाइप केल्या. एका ओळीत खाते क्रमांक आणि रक्कम. त्या सगळ्या एका केबलमधून यंत्राकडे सोडायच्या. ही केबल सिरियल, म्हणजे रेशनच्या रांगेसारखी. अक्षरे एकामागून एक येणार. वेग ९६०० ठेवला होता. प्रत्येक अक्षराला मागच्या-पुढच्या खुणा धरून दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरे. एक नोंद साधारण दहा अक्षरांची. साडेचार सेकंदांच्या आत महिना संपला.

यंत्राने मोजलेल्या नोंदी ३८७. एकूण येण्यात १,४६६ रुपयांचा फरक.

मी आधी शिकलेले सगळे तोडगे करून पाहिले. फरकाला नवाने भाग जात असेल तर बहुधा अंकांची अदलाबदल झालेली असते. जात नव्हता. फरकाची निम्मी रक्कम, ७३३, चुकून उलट्या बाजूला पडली आहे का, तेही पाहिले. तसेही नव्हते. मग यंत्राने घेतलेल्या नोंदींची यादी आणि बाबांची वही शेजारी ठेवून पेन्सिलीने एकेक खूण करीत बसले.

सापडले ते असे. नोंदी सुट्या सुट्या हरवल्या नव्हत्या. पाच ठिकाणी सलग पाच-सहा, अशा एकूण २८ नोंदी नाहीशा झाल्या होत्या. आणि प्रत्येक ठिकाणी गेलेल्या पहिल्या नोंदीचे डोके नि शेवटच्या नोंदीचे शेपूट जुळून एक नवीनच ओळ तयार झाली होती. पाचपैकी दोन ओळी यंत्राने अर्थ लागेना म्हणून टाकून दिल्या. तीन मात्र अगदी सभ्य दिसत होत्या. खाते क्रमांक आहे, रक्कम आहे, पण खाते एकाचे आणि रक्कम दुसऱ्याची! गेल्या २८, खोट्या आल्या ३, म्हणून मोजणीत २५ कमी.

त्या तीन खात्यांपैकी एक वरच्या वाडीतल्या एका मावशींचे होते. त्या दिवशी त्यांनी मीठ आणि काडेपेटी नेली होती. यंत्राने त्यांच्या नावावर दुसऱ्या कुणाच्या तांदळाचे ६४० रुपये चढवले होते. मावशींना वाचता येत नाही. बाबा सांगतील तो आकडा त्या मानतात आणि पदराची गाठ सोडतात. नोंद नुसती हरवली असती तर नुकसान आमचे होते. या नोंदीने ते मावशींचे झाले असते, आणि त्यांना कधी कळलेही नसते. प्रयोग म्हणून केलेली गोष्ट, पण त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

कारण दादाने शोधले. चिपच्या सिरियल दारात जेमतेम दोन-तीन अक्षरांची जागा असते. अक्षर आले की चिप हातातले काम क्षणभर सोडते, ते अक्षर उचलून ६४ जागांच्या एका बफरमध्ये ठेवते आणि पुन्हा कामाला लागते. या मध्येच उठण्याला इंटरप्ट म्हणतात. सवड होईल तेव्हा प्रोग्राम बफरमधून अक्षरे घेतो. ६४ पैकी एक जागा मोकळी ठेवावी लागते, म्हणून मावतात ६३, आणि आमच्या वेगाने ती भरायला सुमारे ६६ मिलिसेकंद लागतात. पान बदलायला बहुतेक वेळा दहा मिलिसेकंदही लागत नव्हते. पण कार्ड मधूनच आपल्या आतल्या आवराआवरीला बसे, आणि मग शंभराहून अधिक मिलिसेकंद घेई. प्रोग्राम कपाटापाशी ताटकळलेला, दारातला बफर काठोकाठ, आणि लॅपटॉप आपला बोलतोच आहे. पुढचे प्रत्येक अक्षर मातीत.

"पण सरासरी तर दहाच्या आत आहे," मी म्हणाले.

"सरासरी घेऊन काय करतेस? कार्डाच्या नियमातच एका लिहिण्याला अडीचशे मिलिसेकंदांपर्यंत मुभा आहे. ज्या दिवशी ते एवढा वेळ घेईल, त्या दिवशी तुझी सरासरी कामाला येणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी बसच्या वेळेला दुकानात गर्दी झाली. मी पायरीवर बसून पाहत होते, आणि वर्षानुवर्षे डोळ्यांसमोर असलेली वस्तू मला प्रथमच दिसली. तराजूच्या खिळ्याला सुतळीने एक मळकट वही आणि पेन्सिल बांधलेली असते. गिऱ्हाईक बोलले की बाबा आधी त्यात लिहितात. नाव, जिन्नस, रक्कम, बस्स. ते आत कपाटाशी गेलेले असतील तर आई हातातले काम टाकून बाहेर येते, एक ओळ लिहिते आणि परत चुलीकडे जाते. गर्दी ओसरली की बाबा एकेक ओळ खातेवहीत चढवतात आणि कच्च्या वहीत तिच्यावर आडवी रेघ मारतात. चौघे एकदम बोलू लागले तर हात वर करून म्हणतात, "जरा थांबा." कन्नड बोलणारा असेल तर, "स्वल्प तडीरी."

त्या वहीची मला नेहमी लाज वाटे. पहिल्या वर्षी लुका पाचोली हे नाव मी पाठ केले होते. १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या त्यांच्या ग्रंथात व्यापाऱ्याने तीन वह्या ठेवाव्यात असे सांगितले आहे. आधी कच्ची वही, मग रोजकीर्द, मग खातेवही. कच्च्या वहीत व्यवहार घडताक्षणी टिपायचे, मालक नसेल तर नोकराने किंवा घरातल्या बाईनेसुद्धा. पाचशे वर्षांपूर्वीची ती शिस्त आमच्या दुकानात खिळ्याला लटकत होती, आणि मी ती परीक्षेपुरती वाचली होती.

यंत्रालाही कच्ची वही होतीच. पण ती सहा ओळींत भरत होती, आणि भरल्यावर 'थांबा' म्हणण्याची तिला सवय नव्हती. आम्ही चार सुधारणा केल्या.

पहिली, वही मोठी केली. सरासरी सोडून सर्वांत वाईट वेळ धरली. जुने पान लिहायला २५० मिलिसेकंद, नवे वाचायला १००, मिळून ३५०. तेवढ्यात ३३६ अक्षरे येतात. म्हणून बफर ३८४ चा केला. त्याची किंमतही मोजावी लागली. पानाचे ५१२, कार्ड हाताळणाऱ्या तयार लायब्ररीचे ५१२ आणि बफरचे ३८४ वजा जाता बाकी सगळ्या कामाला ६४० बाइट उरले.

दुसरी सुधारणा म्हणजे मी करणार होते ती चूक टळली. मला वाटले होते, कार्डावर एवढी जागा आहे तर बफरही आभासी स्मृतीतच ठेवावा. बाबांनी हे ऐकले आणि विचारले, "कच्ची वही कपाटात ठेवली तर ती आणायला जाईपर्यंत लिहायचं कशात?" यंत्राचेही तेच. अक्षर येते त्या क्षणी कार्ड दुसऱ्याच कामात गुंतलेले असू शकते, आणि इंटरप्टने तेव्हाच कार्डाकडे पान मागितले तर दोन्ही कामांचा गोंधळ होतो. दारातली वही दारातच हवी, खऱ्या स्मृतीत, कधीही न हलणारी.

तिसरी, यंत्राला 'थांबा' म्हणायला शिकवले. जुन्या टेलिटाइप यंत्रांच्या काळापासून यासाठी दोन ठरलेली चिन्हे आहेत. १९ क्रमांकाचे म्हणजे थांबा, १७ क्रमांकाचे म्हणजे बोला. बफर तीन चतुर्थांश भरला की यंत्र १९ पाठवते, रिकामा होत आला की १७. दादाने लॅपटॉपवरचा छोटा प्रोग्राम ही चिन्हे ऐकेल असा केला. काठोकाठ भरेपर्यंत वाट पाहायची नाही, कारण हात वर केल्यावरही वाटेत असलेली अक्षरे येतातच. गिऱ्हाइकेही हात पाहिल्यावर निदान वाक्य पुरे करतात!

चौथी, प्रत्येक ओळीच्या शेवटी तिच्या अंकांवरून काढलेला एक ताळ्याचा आकडा जोडला. डोके एकीचे आणि शेपूट दुसरीचे झाले तर ताळा बहुधा जमत नाही, आणि न जमलेली ओळ यंत्र पुन्हा मागून घेते.

मग तोच महिना तीन वेळा सोडला. तिन्ही वेळा ४१२ पैकी ४१२, फरक शून्य.

जाण्याच्या आदल्या दिवशी दादाने आणखी एक गंमत दाखवली. कार्ड काढून टाकायचे आणि लॅपटॉपची स्मृतीच कपाट म्हणून वापरायची, तीही त्याच केबलमधून. आता एकाच वाटेने दोन प्रकारचा माल येणार, मागवलेली पाने आणि न मागता आलेल्या नोंदी. म्हणून प्रत्येक पुडक्याच्या तोंडाशी ते काय आहे आणि किती लांबीचे आहे हे लिहावे लागते. पानाची वाट पाहत असताना मध्येच नोंद आली तर ती फेकायची नाही. कच्च्या वहीत ठेवायची आणि पुन्हा वाट पाहायची. आमच्या दुकानात तीन भाषा एकाच कानावर येतात, आणि पहिल्या शब्दालाच बाबांना कळते की पुढचे कोणत्या भाषेत ऐकायचे.

हे सारे मला इतके का लागले, ते आता सांगते.

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षी मी कॉलेज सोडणार होते. दुकानातले कन्नड मला येत होते, वर्गातले येत नव्हते. एकदा तासाला 'सालगार' हा शब्द आला. मराठीत साल म्हणजे वर्ष, कन्नडमध्ये साल म्हणजे कर्ज. सालगार म्हणजे ऋणको, हा अर्थ शोधायला माझे मन आतल्या खोलीत गेले. ते परत आले तोवर सर धनकोंवर बोलू लागले होते. माझ्या वहीत ओळ उतरली, 'सालगार ताळेबंदाच्या देणे बाजूस दाखवावेत.' डोके ऋणकोंचे, शेपूट धनकोंचे. ओळ अगदी सभ्य दिसत होती. मी ती पाठ केली आणि चाचणीत लिहिली. असे अनेक ठिकाणी झाले. गुण पाहिल्यावर माझी समजूत झाली की आपली बुद्धीच तोकडी. बाबांना म्हणाले, "मी दुकानातच बसते." ते एवढेच म्हणाले, "हे वर्ष तरी पुरं कर, बाय."

यंत्रातला तो दोष शोधताना मला कळले की २०४८ बाइटवाल्याचीही नोंद हरवू नये अशी व्यवस्था करता येते. माझी स्मृती लहान नव्हती. माझ्या दारात वही नव्हती, आणि मला थांबा म्हणण्याची लाज वाटत होती.

आता मी तासाला अर्थ शोधत नाही. कन्नड शब्द जसा ऐकू येईल तसा देवनागरीत टिपते आणि संध्याकाळी खतावणी करते. काही सुटले तर ओळी जुळवून टाकत नाही, मध्ये मोकळी जागा सोडते. आणि वही भरत आली की हात वर करते. पहिल्यांदा "सर, इन्नोम्मे हेळ्री" म्हणाले तेव्हा सारा वर्ग मागे वळून बघू लागला. सरांनी शांतपणे पुन्हा सांगितले. तास संपल्यावर कन्नड माध्यमातून आलेल्या दोघी जवळ येऊन म्हणाल्या, बरे झाले विचारलेस, इंग्रजी शब्दाला आम्हीही अडकलो होतो. तेव्हापासून आम्ही तिघी संध्याकाळी एकत्र बसतो. आमचे भांडवल ते त्यांचे बंडवाळ, आमची कीर्द ती त्यांची कीर्दी, आणि खाते तर दोन्हीकडे खातेच! आपल्या या अंकाचे मराठी आणि कन्नड विभाग एकाच पुठ्ठ्यात बांधलेले असतात. त्यांच्यामध्ये अशी एखादी कच्ची वही असावी असे मला फार वाटते.

असो. बाबांची उधारी अजून कागदावरच आहे. त्यांनी यंत्र कौतुकाने पाहिले, एकच प्रश्न विचारला, "आता ते थांबा म्हणतं का?" मी हो म्हणाले. "मग शिकलं," असे म्हणून ते तराजूकडे वळले. सुट्टी संपवून निघताना मी जुनी मळकट वही काढून खिळ्याला नवी बांधली. तिच्या पहिल्या पानावर वरच्या वाडीतल्या मावशींची ओळ माझ्या हाताने लिहिली आहे. मीठ एक किलो, काडेपेटी एक.